जुनें घर आणि विस्तीर्ण जागा

ज्युबिलीच्या प्रसंगीं भाविकांची दृष्टि प्रभुमंदिराच्या मनोऱ्याकडे सहज जाते. मंदिराखालील जमिनीकडे ती क्वचितच वळते. परंतु प्रत्येक मंदिराच्या इतिहासांत मंदिरापूर्वींचा एक अध्याय असतो. कोणीतरी जागा पाहिलेली असते, पैशाची जुळवाजुळव केलेली असते आणि खरेदीखतावर सही केलेली असते. हा अध्याय किती मोलाचा असतो, हें लंडन शहरांतील ब्रॉम्टन ओरेटरीच्या हकीकतीवरून चांगलें दिसून येतें.

संत फिलिप नेरी यांनीं सोळाव्या शतकांत रोम येथें स्थापिलेला ओरेटरी संघ इंग्लंडांत आणला तो जॉन हेन्री न्यूमन यांनीं, इ. स. १८४८ मध्यें. पुढच्याच वर्षीं फादर फ्रेडरिक विल्यम फेबर यांच्या नेतृत्वाखालीं कांहीं धर्मगुरु लंडनास गेले व स्ट्रँडजवळ एका जुन्या सभागृहांत त्यांनीं कार्य आरंभिलें. जागा अपुरी होती आणि काळही प्रतिकूल होता. १८५० मध्यें पोप नववे पायस यांनीं इंग्लंडांत धर्मप्रांतांची पुनःस्थापना करतांच तेथें कॅथॉलिकांविरुद्ध मोठें काहूर उठलें. १८५१ मध्यें पार्लमेंटनें नव्या बिशपांच्या पदव्यांविरुद्ध कायदाही केला.

अशा काळीं दुसऱ्या कोणीं एखादी लहानशी, लोकांच्या नजरेंत न येणारी जागा शोधली असती. फेबर यांच्या मंडळीनें १८५२ च्या नोव्हेंबरांत ब्रॉम्टन येथें ब्लेमेल हाऊस नांवाचें जुनें घर विकत घेतलें. त्यांत मुलांची शाळा भरत असे. घरासभोंवतीं साडेतीन एकर जमीन होती आणि किंमत सोळा हजार पौंड पडली. ब्रॉम्टन हें तेव्हां शहराच्या कडेचें उपनगर. स्वतः न्यूमन यांनाही ती वस्ती पसंत नव्हती.

त्या खरेदींतील खरें धन घर नव्हतें, जमीन होती. घर पाडण्यांत आलें. त्या जागीं धर्मगुरूंसाठीं निवास उभा राहिला, आणि १८५४ मध्यें एक साधें, तात्पुरतें मंदिर उघडण्यांत आलें. कायमच्या मंदिराची त्यांनीं घाई केली नाहीं. १८६३ मध्यें फेबर प्रभूच्या घरीं गेले. जें मंदिर व्हावयाचें होतें त्याचा एक दगडही त्यांच्या दृष्टीस पडला नाहीं.

दरम्यान शहरच त्यांच्या दाराशीं चालत आलें. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या नफ्यांतून आसपासची जमीन घेण्यांत आली होती. १८५७ मध्यें शेजारीं साउथ केन्सिंग्टन म्युझियम उघडलें, १८६८ मध्यें रेल्वेचें स्टेशन झालें. एके काळीं आडबाजूची म्हणून नापसंत झालेली जागा मोक्याची ठरली. १८७४ मध्यें मंदिरासाठीं मदतीची हांक देण्यांत आली, तेव्हां एकट्या नॉरफोकच्या ड्यूकसाहेबांनीं वीस हजार पौंड दिले, म्हणजे मूळ खरेदीपेक्षांही अधिक. १८७८ मध्यें आराखड्यांची स्पर्धा होऊन हर्बर्ट ग्रिबल या तरुण शिल्पज्ञाची निवड झाली, आणि १६ एप्रिल १८८४ रोजीं मंदिराचें अभिषेकविधीनें पवित्रीकरण झालें. दर्शनी भाग व घुमट तर त्यानंतरच्या दशकांत पुरे झाले. वेस्टमिन्स्टरचें कॅथीड्रल १९०३ मध्यें उघडेपर्यंत लंडनमधील कॅथॉलिकांचे कित्येक मोठे समारंभ येथेंच होत. कार्डिनल मॅनिंग यांचा अंत्यविधिही १८९२ मध्यें येथेंच झाला.

हा इतिहास आपल्यापुढें ठेवण्यास कारण आहे. आज शहरांत जमिनीचे भाव चढले आहेत. चर्चचें जुनें घर मोडकळीस आलें कीं कोणी म्हणतो, तें विकून टाका. अंगण मोकळें दिसलें कीं कोणी म्हणतो, तेथें दुकानें काढा. असें म्हणणाऱ्यांचा हेतु वाईट नसतो. दुरुस्तीचा खर्च व कर्जाचें ओझें खरेंच असतें. परंतु घर पुनः बांधतां येतें. शहराच्या मध्यभागीं एकदां हातची गेलेली जमीन परत मिळत नाहीं. आपणांस जें अंगण रिकामें वाटतें, तें पुढच्या पिढीच्या वांट्याचें असूं शकतें. तें विकून टाकण्याचा अधिकार एका पिढीनें फार जपून वापरावा.

फेबर यांचा देह प्रथम सिडनहॅम येथें पुरला होता. खरेदीस शंभर वर्षें पूर्ण झालीं त्या १९५२ सालीं तो ओरेटरींत आणण्यांत आला. ज्यांनीं आपल्यासाठीं जमीन घेऊन ठेवली, पण मंदिर पाहिलें नाहीं, त्या सर्वांच्या आत्म्यांस प्रभु चिरशांति देवो, आणि त्यांनीं राखलेलें राखण्याची बुद्धि आपणांस देवो.