वृत्ति, वतन व उत्पन्नाची हमी : दिवेआगरच्या निमित्तानें

श्रीवर्धन तालुक्यांतील दिवेआगर हें समुद्रकांठचें गांव ताम्रपटांच्या संग्राहकांस नवीन नाहीं. शिलाहार मुम्मुणिराजाचा शके ९७५ चा ताम्रपट येथलाच, आणि मराठी भाषेंतील अत्यंत जुन्या लेखांत ज्याची गणना होते तो शके ९८२ (इ. स. १०६०) चा ताम्रपटही येथलाच. १९९७ सालीं येथील एका वाडींत खणतांना तांब्याच्या पेटींत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. २०१२ सालीं दरोडेखोरांनीं दोघां पहारेकऱ्यांचा जीव घेऊन तो लुटला. २०२१ सालीं पुन्हां मुखवट्याची स्थापना झाली. सोन्याची ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस येथें विचार करावयाचा आहे तो वृत्तीचा.

सरकारनें प्रत्येक मनुष्यास, तो कोण आहे व काय करितो हें न विचारतां, निर्वाहापुरतें ठराविक उत्पन्न देण्याची हमी घ्यावी काय, हा प्रश्न हल्लीं अनेक देशांत चर्चिला जात आहे. भारत सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणींत त्यावर स्वतंत्र प्रकरणच आहे. हा प्रश्न एकट्या अर्थशास्त्र्यांचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. दानपत्रें, सनदा, वर्षासनांच्या याद्या ह्यांचा बहुतेक मजकूर कोणास, कशांतून व कोठवर उत्पन्न चालावें ह्याविषयींच असतो. तेव्हां जुन्या कागदांच्या अभ्यासकांनींही ह्या चर्चेंत आपली साक्ष द्यावी हें उचित होय.

प्रश्न दिवेआगरास किती जवळचा आहे हें ३ जून २०२० रोजीं दिसलें. निसर्ग चक्रीवादळानें ह्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या वाड्या कांहीं घटकांत आडव्या केल्या. पोफळ लावल्यावर सुपारी धरावयास पांचसात वर्षें लागतात. नारळासही सुमारें तितकींच. सरकारी मदत क्षेत्राच्या मानानें, म्हणजे ज्याच्या नांवें सातबारा त्यास मिळावयाची. झाडावर चढून नारळ पाडणारा गडी, सुपारी सोलणारी बाई, वाडी शिंपणारा मजूर ह्यांच्या नांवें ना झाड ना गुंठा. त्यांची रोजी मात्र झाडांबरोबरच गेली.

आतां जुन्या काळची एक हमी पाहूं. नाशिकच्या पांडवलेण्यांपैकीं दहाव्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात ह्याचा ४२ व्या वर्षाचा लेख आहे. त्यानें भिक्षुसंघास ३००० कार्षापण दिले. पैकीं २००० गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणींत दरमहा शेंकडा एक व्याजानें, व १००० दुसऱ्या श्रेणींत शेंकडा पाऊण व्याजानें ठेविले. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं. व्याज तेवढें उपभोगावयाचें. वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण चीवरासाठीं द्यावे असें लेख सांगतो. २००० चें वर्षाचें व्याज २४० होतें, आणि वीस जणांचे बारा-बारा मिळून २४० च होतात. शिवाय चिखलपद्र गांवीं नारळाचीं ८००० झाडें दिलीं. हें सर्व निगमसभेंत ऐकवून फलकावर नोंदविलें.

ह्या लेखांत हमीचीं तीन अंगें स्पष्ट दिसतात. पैसा कशांतून येणार तें सांगितलें आहे. मुद्दलास हात लावावयाचा नाहीं असा निर्बंध आहे. आणि नोंद सर्वांस पाहतां येईल अशा ठिकाणीं आहे. वर्षावासापलीकडे घेणाऱ्यावर दुसरी अट नाहीं.

परंतु आमच्या बहुतेक वृत्ति ठराविक लोकांपुरत्या असत, आणि जेथें त्या खालच्या थरापर्यंत पोंचल्या तेथें त्यांच्या पाठीमागें चाकरी आली. महार वतन ही एक प्रकारची हमीच होती. पण अल्प इनाम व बलुत्याच्या मोबदल्यांत सबंध घराणें सरकारच्या व गांवाच्या कामाशीं बांधलें जाई. डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदे मंडळांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक मांडलें तें ह्याच कारणास्तव. कोंकणांतील खोतीविरुद्धचें त्यांचें विधेयक १९३७ चें आहे. पुढें खोती १९४९ च्या कायद्यानें व हीं कनिष्ठ वतनें १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं. दुसरा धडा इनाम कमिशनचा. १८५२ च्या कायद्यान्वयें हक्क शाबीत करण्याचें ओझें उपभोगणाऱ्यावर पडलें. ज्याची सनद वाळवीनें खाल्ली त्याचा हक्कही धोक्यांत आला.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रानें ह्या बाबतींत एक मोठी गोष्ट केली. वि. स. पागे यांच्या प्रेरणेनें १९६५ सालीं तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळांत तिची व्याप्ति वाढली. १९७७ सालीं कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. तिच्या खर्चासाठीं १९७५ च्या कायद्यानें व्यवसाय कर बसविला, आणि तितकीच भर राज्यानें घालावयाची असें ठरलें. नांव घेतलेला उगम आणि सर्वांस वाचतां येईल असा कायदा, हीं उषवदाताचीं दोन अंगें येथें आहेत. मात्र ही हमी कामाची आहे. म्हातारा, आजारी, तान्हें मूल असलेली बाई ह्यांस ती पुरी पडत नाहीं.

२८ जून २०२४ च्या शासन निर्णयानें 'लाडकी बहीण' योजना निघाली. २१ ते ६५ वर्षें वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्नाच्या स्त्रियांस दरमहा १५०० रुपये त्यांच्या स्वतःच्या खात्यांत. ह्या खात्याच्या तेव्हांच्या मंत्री आदिती तटकरे श्रीवर्धन मतदारसंघांतूनच निवडून आलेल्या. चाकरीची अट नाहीं, हा वतनाहून मोठा फरक होय. परंतु योजनेचा आधार शासन निर्णय आहे, विधिमंडळाचा कायदा नव्हे. तिच्या नांवचा कर वा ठेव नाहीं. आणि २०२५ सालीं ई-केवायसी सक्तीची होतांच पात्रता शाबीत करण्याचें ओझें पुन्हां घेणारीवर आलें. इनाम कमिशनचे दप्तर चाळलेल्यास ही गोष्ट ओळखीची वाटेल.

मग अट काढून सर्वांस द्यावें काय? हिशेब लपविण्यांत अर्थ नाहीं. २०११ च्या जनगणनेप्रमाणें महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटि. प्रत्येकास दरमहा १५०० दिल्यास वर्षाचा खर्च २ लक्ष २ हजार कोटींवर जातो. २०२४-२५ चा राज्याचा एकूण अर्थसंकल्प सुमारें ६ लक्ष १२ हजार कोटींचा होता. तिसरा हिस्सा एकाच बाबीस लावणें राज्यास आज झेपणारें नाहीं. आयतें मिळाल्यास लोक आळशी होतील हा दुसरा आक्षेप आम्हांस तितका वजनदार वाटत नाहीं. दानपत्रांतील प्रतिग्रहीत्यांविषयीं ही शंका सहसा कोणी काढली नाहीं. ती निघते कष्टकऱ्यास कांहीं द्यावयाचें म्हटलें कीं.

म्हणून आमचें मत असें कीं हमी असावी, सर्वांस सारखी असावी, आणि आरंभीं लहान असावी. अमेरिकेंतील अलास्का राज्यानें १९७६ सालीं खनिज तेलाच्या उत्पन्नाचा कायम निधि उभारला व १९८२ पासून त्यांतून प्रत्येक रहिवाशास वार्षिक वांटा दिला. आमच्याकडेही खाणी, वाळू, किनारा व सरकारी जमीन ह्यांच्या उत्पन्नाचा कांहीं भाग कायद्यानें निराळा काढून, मुद्दल न मोडतां, केवळ व्याज सर्वांस वांटतां येईल. पहिल्या वर्षीं ती रक्कम एका चीवराइतकीही होणार नाहीं. तरी दिवेआगरच्या वाडींतील मजुरास ती आपली म्हणून मागतां येईल. आणि सरकार बदललें तरी ती चालूं राहावयाची असल्यास तिचा लेख तितकाच पक्का करावा लागेल. दानपत्रांच्या शेवटीं हरण करणाऱ्यास शाप लिहिलेले असतात. तांबें आजवर टिकलें; त्या शापांनीं वृत्ति मात्र टिकल्या नाहींत.