वृषभांतील लपलेला सोबती

मार्गशीर्षाच्या रात्रीं रोहिणी जेथें झळकते, त्याच भागांत साध्या डोळ्यांना न दिसणारा एक तारा आहे. टी टॉरी हें त्याचें नांव. १८५२ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या रीजेंट्स पार्कांतील बिशप यांच्या खासगी वेधशाळेंतून जॉन हाइंड यांना त्याच्या शेजारीं एक अंधुक तेजोमेघ दिसला. पुढें १८६१ सालीं कोपनहेगनच्या डारेस्ट यांना तो मेघ सांपडेना. एकानें पाहिलेला मेघ दुसऱ्यास दिसूं नये, या कोड्यानें ज्योतिषी त्या ताऱ्याकडे ओढले गेले.

१८९० सालीं कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेच्या ३६ इंची दुर्बिणीनें बर्नहॅम यांनीं तो पाहिला. हे गृहस्थ मूळचे शिकागोच्या न्यायालयांतील लघुलेखक. ज्योतिष हा त्यांचा रात्रींचा छंद. पण जोडतारे ओळखण्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तेराशेंहून अधिक जोड्या त्यांच्या नांवावर आहेत! त्यांना ताऱ्याभोंवतीं एक चिमुकला तेजोमेघ दिसला. सोबती मात्र दिसला नाहीं.

१९४५ सालीं माउंट विल्सन येथील आल्फ्रेड जॉय यांनीं अशाच अकरा चंचल ताऱ्यांचा एक वर्ग पाडून त्यास या ताऱ्याचें नांव दिलें. हे तारे अगदीं कोवळे, दहा-वीस लाख वर्षांच्या वयाचे, असल्याचें पुढें निश्चित झालें.

सोबती सांपडला तो १९८२ सालीं. आपल्या हवेच्या हालचालीनें ताऱ्याचें बिंब फिसकटतें. म्हणून क्षणार्धाचीं असंख्य चित्रें घेऊन त्यांतून गणितानें मूळ रूप काढण्याची युक्ति निघाली होती. डिक, सायमन व झुकरमन यांनीं ती अवरक्त किरणांस लावली, तों दक्षिणेस सुमारें पाऊण विकलेच्या आंत दुसरें बिंब उमटलें. सात किलोमीटरांवरून रुपयाचें नाणें जेवढें दिसेल, तेवढें हें अंतर! तो तारा नसून जन्मास येणारा ग्रह असावा, असाहि तर्क कांहींनीं केला. तो टिकला नाहीं. २००० सालीं कोरेस्को यांनीं केक दुर्बिणीच्या आधारें दाखविलें, कीं हा सोबती स्वतःच दोन ताऱ्यांचा आहे. ते दोघे परस्परांभोंवतीं सुमारें २७ वर्षांत फिरतात. या भ्रमणावरून वजन काढतां त्यांतील मोठा सूर्याच्या दुपटीइतका, म्हणजे दृश्य ताऱ्याच्या तोडीचा ठरला. ज्यास सोबती म्हटलें, तो धाकटा नव्हताच.

१९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत वृषभांतील तरुण ताऱ्यांत जोड्यांचें प्रमाण सूर्यासारख्या प्रौढ ताऱ्यांच्या सुमारें दुप्पट आढळलें. त्यांतील एका पाहणीच्या प्रमुख अँड्रिया गेझ यांना २०२० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, अर्थात् निराळ्या कामाबद्दल. बहुतेक तारे जोडीनेंच जन्मतात काय, या प्रश्नास येथून जोर चढला.

आणि बर्नहॅम? त्यांच्या नजरेस आम्ही दोष देणार नाहीं. दक्षिणेचा सोबती दाट धुळीआड आहे. अवरक्त किरण तींतून निसटतात, दृश्य प्रकाश अडतो. हवेच्या वर फिरणाऱ्या हबल दुर्बिणीनेंहि दृश्य प्रकाशांत त्याचा शोध घेतला, तेव्हां तिलाहि तेथें कांहींच दिसलें नाहीं.