गांवच्या शिळा व हरवलेलीं नांवें

धर्मग्रामाचा इतिहास ह्या ज्युबिली-स्मरणिकेंत अन्यत्र आलाच आहे. त्याची पुनरुक्ति न करितां, आपल्या जिल्ह्यांत जिच्याकडे फारसें लक्ष गेलेलें नाहीं अशा एका गोष्टीकडे वाचकांचें चित्त वेधावें, असें आम्हांस वाटतें. ती गोष्ट म्हणजे युद्धांत पडलेल्या माणसांचीं स्मारकें.

२०२४ सालीं ज्यास अहिल्यानगर हें नांव मिळालें, तो हा आमचा जिल्हा जुनी रणभूमीच होय. जामखेड तालुक्यांतील खर्डे येथें ता. ११ मार्च १७९५ रोजीं मराठे व निजाम यांची लढाई झाली आणि पराभूत निजामास तेथील किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला. पुढें ता. ८ ऑगस्ट १८०३ रोजीं जनरल वेलस्लीनें शिड्या लावून नगरची पेठ घेतली व ता. १२ रोजीं किल्ला त्याच्या हवालीं झाला. किल्ल्याबाहेरील एका चिंचेखालीं त्यानें भोजन केलें, अशी आख्यायिका आहे. जिंकणाराच्या जेवणाची जागा लोकांच्या ध्यानांत राहिली. पेठेच्या तटाशीं जे पडले त्यांचीं नांवें मात्र कोणी सांगत नाहीं.

ह्याच्या उलट प्रकार पाहावयाचा तर पुण्याहून नगरकडे येणाऱ्या रस्त्यावर, भीमेच्या तीरीं, कोरेगांवचा स्तंभ पाहावा. तो कंपनी सरकारनें आपल्याच विजयासाठीं उभारिला. परंतु १ जानेवारी १८१८ च्या लढाईंत पडलेल्यांचीं नांवें त्यावर कोरलीं गेलीं, आणि त्यांत २२ महार शिपायांचीं नांवें आहेत. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथें गेले, आणि उभारणाऱ्यांच्या मनींही नसलेला अर्थ त्या दगडास प्राप्त झाला. केवळ आंकडा कोरला असता तर हें घडलें असतें काय?

हा प्रश्न आम्ही उगीच विचारीत नाहीं. १९१४ च्या महायुद्धांत सहावें पुणें डिव्हिजन मेसोपोटेमियांत गेलें. त्यांत १०३, ११० व ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. कूट येथील वेढ्यांत त्यांनीं उपासमार सोसली व ता. २९ एप्रिल १९१६ रोजीं तें ठाणें शत्रूच्या हातीं गेलें. १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभारण्यांत आली. १९२१ सालीं ती मोडण्यांत आली. युद्धानंतर सरकारनें दख्खनच्या पुष्कळ गांवीं लहानशा शिळा बसविल्या. ह्या गांवांतून इतके गेले व इतके परतले नाहींत, एवढेंच त्यांवर लिहिलेलें असतें. सातारा जिल्ह्यांतील अपशिंग्याचा ४६ हा आंकडा प्रसिद्धच आहे. बसऱ्याच्या स्मारकावरही अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं गेलीं. हिंदी शिपाई बहुतेक संख्येनेंच दाखविले. ही विषमता युद्धसमाधि-मंडळानें स्वतःच्या २०२१ च्या अहवालांत कबूल केली आहे. तें स्मारकही १९९७ सालीं मूळ जागेवरून हलवून वाळवंटांत नेण्यांत आलें. तेव्हां येथल्या शिळेचें मोल किती, हें वाचकांनींच ठरवावें.

(त्याच युद्धांत जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना नगरच्या छावणींत अटकेंत ठेविलें होतें, आणि आमच्या जिल्ह्यांतील मिशनें ज्यांनीं वाढविलीं त्या जर्मन फादरांना स्वदेशीं परतावें लागलें. तो इतिहास स्वतंत्रपणें लिहिण्यासारखा आहे.)

नांवें शोधावीं कोठें? परदेशीं मेलेल्या शिपायाचें दफन येथें झालें नाहीं, म्हणून त्याची नोंद आमच्या मृत्युवहींत नसते. तथापि त्याच्या मुलांच्या लग्नाच्या वेळीं वहींत बापाचें नांव लिहावें लागतें, व तो हयात नसल्यास तसें लिहिलेलें आढळतें. अशा दोन ओळी, घरांतील एखादा पेन्शनचा कागद, पेटींतलें पदक व म्हाताऱ्या माणसांची आठवण हीं एकत्र आणिलीं म्हणजे आंकड्यामागचा माणूस हातीं लागतो.

शिळेविषयीं थोडें सांगतों. चावडी किंवा शाळा पाडून नवी बांधण्याचें ठरलें कीं तिला धोका उत्पन्न होतो. म्हणून ग्रामपंचायतीस आधींच लेखी कळवावें. उत्साहाच्या भरांत तिच्यावर तैलरंग फांसूं नये, ॲसिडानें किंवा तारेच्या ब्रशानें ती घांसूं नये, भेगांत सिमेंट भरूं नये. स्वच्छ पाणी व मऊ कापड पुरे. सकाळच्या तिरप्या उन्हांत छायाचित्र घ्यावें, कारण झिजलेलीं अक्षरें तेव्हांच उठून दिसतात. लेख ओळीस ओळ उतरून घ्यावा, त्यांतील चुका सुधारूं नयेत.

परके लोक हें काम किती आस्थेनें करितात पाहा. कोंकणांतील यशवंत घाडगे ता. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत पडले; जुलै २०२३ मध्यें तेथील मोंतोने गांवानें त्यांच्या नांवें छायाघड्याळाचें स्मारक उभारिलें. आमच्याच जिल्ह्यांतील निमज गांवचे शिपाई नामदेव जाधव यांनीं ता. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीकांठीं गोळ्यांच्या वर्षावांत जखमी सोबत्यांना वाहून आणिलें व व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. ते जिवंत परतले व १९८४ पर्यंत जगले. आपल्या मुलांपैकीं कितींना हें नांव ठाऊक आहे?

धर्मग्रामाच्या कचेरींत आम्हीं एक कोरी वही ठेविली आहे. ज्या घरांतून कोणी पलटणींत गेला असेल त्यांनीं त्याचें नांव, गांव, पलटण व जें कांहीं ठाऊक असेल तें, अपुरें असलें तरी, येऊन सांगावें. कागद मूळचेच आणावेत. नक्कल करून ते त्याच दिवशीं परत देण्यांत येतील.