हिमस्खलन व हिवाळी आरोहण (हिमालय)

हिमस्खलन : डोंगरउतारावर साचलेला बर्फ एकाएकी सुटून वेगाने खाली येण्याची घटना. भुसभुशीत कोरड्या बर्फाचा लोट ताशी २०० किमी.पेक्षा अधिक वेग घेतो आणि त्याच्यापुढे धावणारा हवेचा झोत झाडेही उन्मळून टाकतो. भारतीय हिमालयात डिसेंबर ते मार्च हा हिमस्खलनाचा मुख्य काळ आहे. मात्र धोका दिनदर्शिकेतल्या महिन्यावर ठरत नाही. तो उतार, वारा आणि बर्फाच्या थरांची अवस्था यांवर ठरतो. हौशी आरोहक व स्कीपटू ज्या स्खलनांत मरण पावतात, त्यांतील बहुतेक त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने सुटलेली असतात. म्हणूनच हे संकट बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगे आहे.

प्रकार : सुट्या बर्फाचे स्खलन एका बिंदूपासून सुरू होते आणि खाली येताना रुंदावत जाते. स्लॅब प्रकारात घट्ट झालेला अख्खा थर खालच्या कमकुवत थरावरून निसटतो. भेग क्षणात आडवी पसरते आणि आरोहक निसटत्या बर्फाच्या मधोमध सापडतो. सर्वाधिक बळी याच प्रकाराने घेतले आहेत. ओल्या बर्फाचे स्खलन तुलनेने संथ पण अतिशय जड असते. ते उन्हाने, पावसाने किंवा वसंतातल्या उबेने घडते. हिमनदीवरील बर्फाचे कडे कोसळूनही लोट सुटतात. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात असाच कडा कोसळून १६ नेपाळी कामगारांचा मृत्यू झाला.

कारणे : बहुतेक स्लॅब स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. याहून फार उभ्या कड्यावर बर्फ साठून राहत नाही. सौम्य उतारावर तो सहसा सुटत नाही, पण वरून आलेला लोट सपाटीपर्यंत पोहोचतो. त्यामुळे तंबूची जागा निवडताना डोक्यावरचा सगळा उतार विचारात घ्यावा लागतो. चोवीस तासांत ३० सेंमी. किंवा अधिक बर्फ पडला की धोका झपाट्याने वाढतो. वारा हे दुसरे मोठे कारण. तो धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या बाजूला रचतो, त्यामुळे आभाळ निरभ्र असतानाही तिथे जाड स्लॅब तयार होतो. धारेवरून बाहेर झुकलेले बर्फाचे छज्जे याच वाऱ्याची खूण होत.

कमकुवत थर बर्फाच्या आतच घडतो. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, तर पृष्ठभाग रात्री उणे २० अंशांपर्यंत उतरू शकतो. बर्फाचा थर पातळ असेल तर या फरकामुळे बाष्प वर सरकत राहते आणि तळाशी साखरेसारखे सुटे, टोकदार कण बनतात. त्यांची एकमेकांवर पकड नसते. लडाख व काराकोरमच्या थंड, कोरड्या हवेत हा प्रकार ठळकपणे आढळतो. पीर पंजालमध्ये पश्चिमी विक्षोभांमुळे एकाच वादळात भरपूर व जड बर्फ पडतो; तिथे ताज्या बर्फाचा भारच स्खलनाला पुरेसा होतो.

हिवाळी आरोहणाची परिस्थिती : हिवाळ्यात अतिउंचीवरील वेगवान वायुप्रवाह हिमालयाच्या माथ्यांवर येतो. शिखरधारा बर्फ उडून जाऊन निळ्या, कठीण बर्फाच्या बनतात आणि क्रॅम्पॉनचे (बुटांना लावायच्या काट्यांचे) दातही त्यात मुश्किलीने रुततात. दर हजार मीटरला तापमान सुमारे ६.५ अंशांनी घटते. त्यात वाऱ्याची भर पडली की हिमदंश फार लवकर होतो. दिवस लहान असल्याने माथा गाठून उजेडात परतण्याची मुदतही कमी असते. एव्हरेस्टची पहिली हिवाळी चढाई १७ फेब्रुवारी १९८० रोजी पोलंडच्या वेलित्स्की व चिही यांनी केली. के-२ चा माथा हिवाळ्यात सर्वप्रथम १६ जानेवारी २०२१ रोजी दहा नेपाळी आरोहकांनी गाठला.

उल्लेखनीय दुर्घटना : ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधील सोनम ठाण्यावर झालेल्या स्खलनात भारतीय लष्कराचे दहा जवान गाडले गेले. लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण ११ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात मोठा हिमवर्षाव होऊन चाळिसाहून अधिक माणसे दगावली. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्रशिक्षण चमू स्खलनात सापडला आणि २९ जणांचा अंत झाला. या शेवटच्या दोन्ही घटना ट्रेकिंगचा उत्तम हंगाम समजल्या जाणाऱ्या ऑक्टोबरमधल्या आहेत. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा येथे सीमा सडक संघटनेच्या कामावरील ५४ कामगार गाडले गेले, त्यांपैकी ४६ वाचले. धातूच्या कंटेनरमध्ये हवेची पोकळी शिल्लक राहिल्याने अनेकांना मदत येईपर्यंत तग धरता आला.

अंदाज व चाचणी : भारतात हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था (सासे) १९६९ मध्ये मनालीत सुरू झाली. २०२० मध्ये ती संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या नव्या भू-माहिती संशोधन आस्थापनेत विलीन झाली. हीच आस्थापना आता हिमस्खलनाचे इशारे देते. जगात बहुतेक ठिकाणी धोक्याची श्रेणी पाच पायऱ्यांची असते. मधली, तिसरी पायरी अनेकांना सुरक्षित वाटते, आणि युरोपात तिथेच पुष्कळ बळी जातात.

जागेवरची चाचणी हाताने करता येते. निवडलेल्या मार्गासारख्याच पण सुरक्षित उतारावर खड्डा खणून ३० सेंमी. लांबी-रुंदीचा बर्फाचा खांब मोकळा करतात. त्यावर फावड्याचे पाते ठेवून दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून आणि दहा खांद्यातून मारतात. मनगटाच्याच थापांनी खांबाचा वरचा भाग सरळ रेषेत निसटला, तर उतार सोडून द्यावा. चाचणीत काही निसटले नाही म्हणून अख्खा उतार सुरक्षित ठरत नाही. पावलाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज येणे, पायापासून भेगा धावणे आणि शेजारच्या उतारावर ताजे स्खलन दिसणे ही मागे फिरण्याची सर्वांत स्पष्ट चिन्हे आहेत.

बचाव : गाडल्या गेलेल्या माणसाजवळ वेळ फार थोडा असतो. युरोपातील नोंदींनुसार सुमारे पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुसंख्य वाचतात, पस्तीस मिनिटांनंतर सुमारे एक तृतीयांशच. श्वासातल्या बाष्पाने तोंडासमोर बर्फाचे कवच जमते आणि हवा तुटते. बाहेरची मदत एवढ्या वेळात पोहोचत नाही, म्हणून प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्‌झचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधण्याचे संकेतयंत्र), शोधकाठी व फावडे हवे आणि ते वापरण्याचा सराव हवा. संशयित उतार एकेकट्याने ओलांडावा. बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी.

महाराष्ट्रातील गिर्यारोहकांसाठी : अन्नपूर्णा-१ हे शिखर हिमस्खलनांसाठी कुप्रसिद्ध आहे. एप्रिल २०२१ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या आरोहकांनी आणि साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी त्यावर यशस्वी चढाई केली. केदारकंठासारख्या हिवाळी ट्रेकना राज्यातून असंख्य तरुण जातात. सह्याद्रीत घडलेली नजर तिथे बदलावी लागते. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारखी नाळ इथे माथ्यावर नेणारी वाट असते; हिमालयात भरलेल्या बर्फाची नाळ हाच स्खलनाचा हक्काचा मार्ग असतो, तिथे धार धरून चालणे बरे. ठरलेली सुट्टी, भरलेले पैसे आणि गटातला उत्साह यांचे दडपण असतानाही मागे फिरण्याचा अधिकार प्रत्येक सदस्याला आहे, हे मोहिमेपूर्वीच ठरवून घ्यावे. एकाने नको म्हटले, तर सगळ्यांनी उतरावे. हा नियम उपकरणांच्या यादीइतकाच आवश्यक आहे.