फळांची संगत : मुरंब्यापासून जॅमपर्यंत

फळ हें निसर्गाचें सर्वांत उदार आणि सर्वांत अल्पायुषी देणें आहे. एका पंधरवड्यांत झाड भरभरून देतें आणि पुढल्या पंधरवड्यांत तेंच देणें कुजूं लागतें. हा पंधरवडा वर्षभर पुरविण्याची जी खटपट माणसानें केली, तिचा इतिहास म्हणजेच मुरंब्याचा, मार्मलेडचा आणि जॅमचा इतिहास होय. अलीकडे पेरूंत मिरची, अननसांत मिरीं, आंब्यांत आलें, स्ट्रॉबेरींत तुळस अशीं अपूर्व मिश्रणें कित्येक घरांतून होऊं लागलीं आहेत. तीं पाहून कोणी नाक मुरडतो, तर कोणाला आपण कांहीं अघटित केलें असें वाटतें. आजच्या भाषणांत मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, अशीं मिश्रणें करण्याची रीति नवी नाहीं व ती निवळ चैनीचीहि नाहीं. फळांची संगत जुळविण्याची ही विद्या फार जुनी असून बहुतेक वेळां ती गरजेच्या पोटीं जन्मली आहे.

आपल्याकडील अतिशय जुना दाखला पाकशास्त्रांतला नसून वैद्यकांतला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत पहिल्याच अध्यायांत च्यवनप्राशाची कृति दिलेली आहे. पांचशें आवळे औषधी वनस्पतींच्या काढ्यांत शिजवावयाचे, बिया काढून त्यांचा गर तेलांत व तुपांत परतावयाचा, मत्स्यंडिका नांवाच्या साखरेबरोबर तो आटवावयाचा, आणि सर्व निवल्यावर मग मध घालावयाचा. शिवाय पिंपळी, वंशलोचन, दालचिनी, वेलची, तमालपत्र आणि नागकेशर आहेतच. औषध हें नांव क्षणभर बाजूस ठेवून पाहिलें, तर हा आंबट फळाचा मसालेदार जॅमच नव्हे काय? पेरूंत मिरची घालणाऱ्या गृहिणीला याहून मोठा आधार कोणता हवा?

आवळ्याचा असा पाक होऊं शकला तो साखरेमुळें. उसाच्या रसापासून घन साखर करण्याची कला ही भारताची जगाला देणगी होय. येथून ती इराण व अरबस्तानाकडे गेली आणि वस्तूबरोबर शब्दहि गेले. 'शर्करा' या शब्दाचा फारसींत 'शकर' व अरबींत 'सुक्कर' झाला, आणि त्यावरूनच युरोपांतील बहुतेक भाषांतील साखरेचीं नांवें आलीं. 'खंड' या शब्दाचा 'कंद' झाला, व तो 'गुलकंद' या नांवांत पुन्हां आपल्या घरीं परतला. 'मुरब्बा' हा शब्द मात्र अरबींतून आलेला. मराठी जिभेनें त्याचा मुरंबा केला, आणि त्यांत 'मुरणें' व 'आंबा' हे आपलेच दोन शब्द ऐकूं येऊं लागल्यामुळें साखरांबा, गुळांबा आणि मोरावळा यांच्या पंक्तींत तो कोणाला परका वाटत नाहीं.

युरोपांत साखर पोंचण्यापूर्वीं तेथें मधावर काम भागत असे. अपिशियसच्या नांवावर चालत आलेल्या रोमन पाकग्रंथांत क्विन्स हें फळ टिकविण्याची रीति आहे. याच्या बिया आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानांत बिहीदाणा म्हणून मिळतात. निर्दोष फळें देठापानांसह भांड्यांत ठेवावीं व वर मध आणि आटविलेला द्राक्षरस ओतावा, असें तो ग्रंथ सांगतो. ग्रीक भाषेंत 'मेलिमेलोन' म्हणजे मधाचें सफरचंद. त्यावरून पोर्तुगीजांनीं क्विन्सला 'मार्मेलो' आणि त्याच्या वडीला 'मार्मेलादा' म्हटलें, व तेंच इंग्रजी मार्मलेड. म्हणजे मूळचें मार्मलेड संत्र्याचें नव्हतें आणि तें बरणींतहि नव्हतें. सुरीनें कापावी अशी ती घट्ट वडी असे व ती पेटींतून येई. १५२४ सालीं इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला एक्झेटरच्या हल नांवाच्या गृहस्थानें अशी एक पेटी भेट दिली होती. राजाला नजर करावी इतकी ती वस्तु त्या काळीं मोलाची होती. १५५५ सालीं फ्रान्समध्यें नोस्त्रादामुस यानें सौंदर्यप्रसाधनें आणि मुरंबे या दोन विषयांवर मिळून एक पुस्तक प्रसिद्ध केलें. भविष्यें वर्तविणारा म्हणून आपण ज्याला ओळखतों, तो व्यवसायानें वैद्य होता. तात्पर्य, आपल्याप्रमाणेंच तिकडेहि मुरंबा वैद्याच्या हातून स्वयंपाकघरांत आला.

कडू संत्र्याच्या मार्मलेडविषयीं एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. वादळांत सांपडलेलें एक स्पॅनिश जहाज स्कॉटलंडमधील डंडी बंदराला लागलें, त्यावरील संत्रीं कीलर नांवाच्या कुटुंबानें स्वस्तांत घेतलीं, आणि त्यांतून १७९७ च्या सुमारास मार्मलेड जन्मलें, अशी ती कथा. कीलर कुटुंबाचा कारखाना खरा. परंतु संत्र्याच्या मार्मलेडच्या कृति त्यापूर्वीं शंभर वर्षांहून अधिक काळ आधींच्या, १७ व्या शतकांतील इंग्रज गृहिणींच्या हस्तलिखित वह्यांत लिहिलेल्या आहेत. कारखान्याला आख्यायिका मिळाली आणि वह्या मात्र कपाटांत राहिल्या. पाककलेच्या इतिहासांत हा अन्याय वरचेवर घडतो.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें जिंकलें. मार्मेलादाची आवड त्यांच्याबरोबर आली, पण क्विन्सचें झाड थंड हवेचें. तें कोंकणच्या दमट हवेंत कोठून रुजणार? त्याच पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिका खंडांतील पेरू, अननस, काजू, पपई हीं झाडें इकडे आलीं. त्यांपैकीं पेरूचा गर क्विन्सप्रमाणेंच सुवासिक, आणि आटविला असतां सुरीनें कापण्याजोगा घट्ट होणारा. गोमंतकांत नाताळच्या फराळांत जी पेरूची तांबूस वडी असते, तिला 'पेराद' म्हणतात. आंब्याच्या तशाच पाकाला 'मांगाद' म्हणतात. युरोपची रीति, अमेरिकेचें फळ, मूळ भारतांतून गेलेली साखरेची विद्या आणि गोमंतकीय गृहिणीचा हात, अशी चार दिशांची संगत त्या एका वडींत जमली आहे. नेहमींचें फळ मिळेना म्हणून दुसरें घेतलें, आणि तेंच पुढें परंपरा झालें.

परंतु श्रोतेहो, या गोडीची एक कडू बाजू सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं. युरोपांत साखर मुबलक झाली ती वेस्ट इंडीज बेटांवरील उसाच्या मळ्यांमुळें, आणि त्या मळ्यांत राबत होते आफ्रिकेंतून पकडून आणलेले गुलाम. १७९१ सालीं इंग्लंडमधील अनेक कुटुंबांनीं ही साखर घरांत आणावयाची नाहीं असा निर्धार केला. पार्लमेंटांत ज्यांना मत नव्हतें, त्या स्त्रियांनीं चहाच्या टेबलावर आपलें मत दिलें. पुढें साखरेच्या भांड्यांवर 'गुलामांनीं न केलेली, ईस्ट इंडियाची साखर' अशा अर्थाचीं अक्षरें झळकूं लागलीं. १८३३ सालीं ब्रिटिश साम्राज्यांतील बहुतेक भागांत गुलामगिरी बंद करणारा कायदा झाला. पण ऊस तोडावयास माणसें हवींच होतीं. तेव्हां १८३४ पासून भारतांतून करारबद्ध मजूर मॉरिशसला जाऊं लागले, आणि त्यांत मराठी माणसेंहि होतीं. मॉरिशसमध्यें आज जी मराठी वस्ती आहे, तिचें मूळ या उसाच्या मळ्यांत आहे. फळांत साखर ओततांना ती कोणाच्या घामाची आहे, हा प्रश्न त्या काळच्या शहाण्या घरांनीं स्वतःला विचारला होता. तो आजहि शिळा झालेला नाहीं.

१८७४ सालीं ब्रिटननें साखरेवरील आयातकर काढून टाकला आणि जॅम हा श्रीमंतांच्या टेबलावरून गिरणी-कामगाराच्या पावावर उतरला. लोणी परवडेना, म्हणून जॅम आला. पहिल्या महायुद्धांत खंदकांतल्या ब्रिटिश सैनिकांना वारंवार मिळे तो प्लम आणि सफरचंद यांचा मिश्र जॅम. त्याला ते इतके कंटाळले कीं, त्यांच्या गाण्यांतून त्याची थट्टा झाली. दुसऱ्या महायुद्धांत १९४० च्या जानेवारींत साखरेचें रेशनिंग सुरू झालें. तरी त्याच वर्षापासून खेडोपाडींच्या महिला-मंडळांनीं सरकारकडून साखर मिळवून शाळांतून, सभागृहांतून चुली पेटविल्या, आणि १९४५ पर्यंत ५,३०० टनांहून अधिक फळें कुजण्यापासून वांचविलीं. जें झाडावर होतें तें घ्यावयाचें, जें नव्हतें त्याची उणीव शेजारच्या झाडानें भरून काढावयाची, असा हा मामला. भोपळ्याच्या जातीच्या मॅरोमध्यें आलें घालून केलेला इंग्रजी जॅमहि याच काटकसरीच्या बुद्धीचा. फळभाजीला स्वतःची चव थोडी, ती आल्यानें दिली. २००१ सालच्या युरोपीय संघाच्या निर्देशांत तर जॅमपुरतें गाजराला फळ मानलें गेलें, कारण पोर्तुगालमध्यें गाजराचा जॅम करण्याची चाल आहे. आपल्या गाजरहलव्याला हें ऐकून मुळींच आश्चर्य वाटणार नाहीं.

या साऱ्या जोड्या कां जुळतात, याचें उत्तर शास्त्रानें १९ व्या शतकांत दिलें. १८२५ सालीं आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें फळांतील गोठविणारें द्रव्य वेगळें ओळखून त्याला 'पेक्टिन' हें नांव दिलें. जॅम घट्ट होण्यास तीन गोष्टी लागतात : पेक्टिन, आम्ल आणि साखर. साखर पाण्याला धरून ठेवते, आम्ल पेक्टिनच्या धाग्यांना एकमेकांजवळ येऊं देतें, आणि त्या धाग्यांच्या जाळ्यांत रस अडकून राहतो. साखरेचें प्रमाण शेंकडा ६५ च्या आसपास गेलें कीं, जंतूंना वाढण्यापुरतें मोकळें पाणी उरत नाहीं. हा क्षण ओळखण्याची खूण म्हणजे पाकाची उष्णता उकळत्या पाण्याहून सुमारें ५ अंश सेल्सियस अधिक होणें. मुंबईस ही खूण १०५ अंशांजवळ येते. महाबळेश्वरीं पाणीच कमी उष्णतेवर उकळत असल्यानें तेथें ती त्याच मानानें खालीं येते. थर्मामीटर नसेल तर थंड बशीवर थेंब टाकून तो बोटानें सारावा. वर सुरकुती पडली कीं जॅम झाला. आजीची बशी आणि प्रयोगशाळेंतील थर्मामीटर यांचें येथें पूर्ण एकमत आहे.

आतां फळांची संगत म्हणजे काय हें स्पष्ट होतें. स्ट्रॉबेरीला रंग आहे, वास आहे, पण पेक्टिन थोडें. कवठाला पेक्टिन उदंड. अननसाला आंबटपणा आहे, पण गोठण्याची शक्ति कमी. पेरू गोठतो चांगला, पण त्याला आंबटपणाची जोड लागते. ही जोडी तर ईश्वरानेंच जुळविली म्हणावयाची. पिकलेल्या हापूसच्या रसांत थोडी कैरी किसून घातली, तर एकाच झाडाचीं दोन वयें एकमेकांची उणीव भरून काढतात. जांभळाला कोकमाचा आंबटपणा मानवतो. सह्याद्रीच्या कुशींतील अर्धकच्चें करवंद पेक्टिननें भरलेलें असतें. संत्र्या-मोसंब्याच्या सालीखालचा पांढरा भाग, जो आपण केरांत टाकतों, तो फडक्यांत बांधून पातेल्यांत सोडला तर कित्येक दुबळ्या फळांना आधार देतो. मिरी, मिरची, आलें, वेलची हीं या संगतींतील गवई. मैफल रंगवितात, पण तंबोरा त्यांच्या हातीं नसतो. म्हणून त्यांचा सढळ प्रयोग आधीं थोड्या पाकांत करून पाहावा. केळें, पिकलेला फणस किंवा भोपळा यांसारख्या कमी आंबट वस्तूंत लिंबाचा रस विसरूं नये, आणि साखर फार कमी केलेला जॅम थंड कपाटांत ठेवून लवकर संपवावा. नवलाईसाठीं घरच्या माणसांची प्रकृति पणाला लावूं नये.

एक गोष्ट शेवटीं सांगतों. च्यवनप्राश ग्रंथांत टिकला, मार्मलेडची आख्यायिका टिकली. पण कोणत्या घरच्या माउलीनें प्रथम कवठाची जेली केली, कोणी प्रथम आंब्याच्या साखरांब्यांत लवंग टाकली, हें आपणांस ठाऊक नाहीं. त्यांच्या हातच्या कृति जिभेवर राहिल्या आणि जिभेबरोबर गेल्या. आज आपल्या घरांत कोणी एखादें अपूर्व मिश्रण जमविलें, तर त्याचें प्रमाण, फळाची जात आणि तारीख एका वहींत टिपून ठेवावी. बरणी एका वर्षांत संपते, परंतु वही पुढल्या दोन-तीन पिढ्यांना पुरते.