पाणीपट्टी आणि गरिबाचे घर : जुन्नर-आंबेगावातील वास्तव

पुणे शहरात घरगुती पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच समाविष्ट असते. त्यामुळे पाण्यासाठी आपण नेमके किती पैसे मोजतो, याचा विचार बहुतेक नागरिक करीत नाहीत. जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत चित्र वेगळे आहे. तेथे पाणीपट्टी हा ग्रामपंचायत आणि कुटुंब यांच्यातील थेट व्यवहार असतो. पट्टी थकली तर नळजोड धोक्यात येतो आणि बऱ्याच घरांची पट्टी थकली तर संपूर्ण गावाची योजना बंद पडू शकते. म्हणूनच गरीब कुटुंबांना ही पट्टी परवडावी कशी, हा प्रश्न केवळ दयाबुद्धीचा राहत नाही.

धरणे उशाला

कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज आणि डिंभे ही पाचही धरणे या दोन तालुक्यांत आहेत. घोड नदीवरील डिंभे धरणाचा जलाशय 'हुतात्मा बाबू गेनू सागर' या नावाने ओळखला जातो. या प्रकल्पाचे पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत व करमाळा या तालुक्यांपर्यंत पोहोचते. मात्र धरणांच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या आदिवासी वाड्या-वस्त्यांना पावसाळा भरपूर असूनही उन्हाळ्यात टंचाई सोसावी लागते. उतारावरील जमीन पाणी धरून ठेवत नाही आणि जलाशय खोल दरीत असल्याने तेथील पाणी वर उचलून आणावे लागते. पाणी उचलायचे म्हणजे वीज लागते आणि वीज म्हणजे दरमहा खर्च.

पूर्व भागातील नारायणगाव, आळेफाटा, मंचर परिसरात बागायतीमुळे रोख उत्पन्न खेळते राहते. पश्चिम पट्ट्यात मात्र भातशेती, हिरड्याची वेचणी आणि हंगामी मजुरी यांवर संसार चालतो. भाताची कापणी दिवाळीच्या सुमारास होते. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडे मोठ्या प्रमाणावर उन्मळून पडली आणि अनेक कुटुंबांचा हा आधारही खचला. वर्षाकाठी भरावयाची रक्कम फार मोठी नसली, तरी ती मागितली जाते त्या महिन्यात हाती पैसा असेलच असे नाही.

पट्टीचे दोन प्रकार

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधील कलम १२४ अन्वये ग्रामपंचायतींना पाणीपट्टी आकारता येते. सार्वजनिक स्रोतांच्या वापराबद्दल 'सामान्य पाणीपट्टी', तर घरात नळजोड घेतल्यास 'विशेष पाणीपट्टी' आकारली जाते. शासनाने घालून दिलेल्या चौकटीत राहून ग्रामपंचायत दर ठरवते. बहुतांश गावांत जलमापक नसल्याने विशेष पट्टी वर्षाला ठरावीक रकमेची असते. परिणामी दोन हंडे भरणारी वृद्ध विधवा आणि गोठा, बाग व गाडी धुण्यासाठी पाणी वापरणारे सधन कुटुंब यांना बहुधा सारखेच पैसे द्यावे लागतात. दिसायला समान असलेली ही पद्धत गरिबालाच जड जाते.

आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीत कर भरणाऱ्यास सूट देण्याची पद्धत रूढ आहे. एप्रिल ते सप्टेंबर हा काळ डोंगरी भागातील शेतकऱ्याच्या दृष्टीने पेरणी-लावणीच्या खर्चाचा असतो. त्यामुळे सवलतीचा लाभ ज्याच्या हाती आधीच पैसा आहे त्यालाच अधिक होतो.

योजना का अडखळतात?

गावच्या योजनेच्या खर्चात पंपाचे वीजबिल, पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचे मानधन, शुद्धीकरणाची पावडर आणि दुरुस्ती या प्रमुख बाबी असतात. वसुली कमी झाली की प्रथम दुरुस्ती रखडते, नंतर वीजबिल थकते. वीज तोडली गेली की नियमित पट्टी भरणाऱ्यांचाही नळ कोरडा पडतो. असा नळ पाहून उरलेले लोकही पैसे देण्याचे थांबवतात. हे दुष्टचक्र सर्वांत आधी भोवते ते गरिबांना, कारण सधन कुटुंबे स्वतःची विंधन विहीर घेतात वा टँकर मागवतात. गरीब घरातील बाया मात्र पुन्हा झऱ्याची वाट धरतात.

साहाय्याचे मार्ग

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये दरडोई, दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट आहे. पाच जणांच्या कुटुंबासाठी हे प्रमाण महिन्याला ८,२५० लिटर होते. गावांतर्गत कामांच्या भांडवली खर्चात सर्वसाधारण गावांचा वाटा १० टक्के, तर डोंगरी, वनक्षेत्रातील तसेच अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या ५० टक्क्यांहून अधिक असलेल्या गावांचा वाटा ५ टक्के ठेवण्यात आला. हा वाटा रोख रकमेबरोबरच वस्तू वा श्रमदानाच्या रूपानेही देता येतो. मात्र योजना उभारणीत सवलत मिळाली तरी ती चालविण्याचा खर्च गावालाच उचलावा लागतो, हे विसरून चालणार नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित केली होती. जुन्नर व आंबेगावातील आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथील ग्रामपंचायतींना 'पेसा' अंतर्गत आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी मिळतो आणि त्याच्या विनियोगात ग्रामसभेचा शब्द महत्त्वाचा ठरतो. या निधीतून झऱ्यांचे संवर्धन आणि गुरुत्वाकर्षणाने पाणी आणणाऱ्या छोट्या योजना उभारल्यास वीजबिलाचा प्रश्नच उरत नाही. डोंगरी भागात, जेथे वस्तीच्या वर बारमाही झरा आहे, तेथे पट्टी कमी ठेवण्याचा हाच सर्वांत टिकाऊ उपाय म्हणता येईल.

अन्यत्र काय घडले?

दक्षिण आफ्रिकेने २००१ मध्ये प्रत्येक कुटुंबास दरमहा ६,००० लिटर पाणी मोफत देण्याचे धोरण स्वीकारले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी पिण्याच्या पाण्याला मानवी हक्क म्हणून मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या मानव विकास अहवालात पाण्यावरील खर्च कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांहून अधिक नसावा, असा निकष सुचविला होता. मासिक उत्पन्न ८,००० रुपये असलेल्या घरासाठी ही मर्यादा २४० रुपये होते.

राज्यातील उदाहरण सातारा जिल्ह्यातील कराडलगतच्या मलकापूरचे आहे. तेथे चोवीस तास पाणीपुरवठ्याबरोबर प्रत्येक नळाला जलमापक बसवून टप्पेनिहाय दर लागू करण्यात आले. गरजेपुरत्या वापरास कमी दर आणि उधळपट्टीस चढा दर, हे त्यामागील सूत्र होय. हे सूत्र मोठ्या गावांत राबविता येण्याजोगे आहे. लहान वाड्यांत मात्र जलमापकांची खरेदी, वाचन व दुरुस्ती हाच नवा भार ठरू शकतो. तेथे घरटी वापराचे ढोबळ गट पाडून पट्टी ठरविणे अधिक व्यवहार्य होय.

थकबाकी झाल्यास

थकीत पाणीपट्टीची प्रकरणे राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व स्वरूपात ठेवली जातात. तेथे ग्रामपंचायतीशी बोलून हप्ते ठरवून घेता येतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो. नोटीस हाती पडल्यावर गप्प बसण्यापेक्षा लेखी अर्ज देऊन मुदत मागणे केव्हाही श्रेयस्कर.

खरा निर्णय मात्र गावपातळीवर व्हायला हवा. ग्रामीण पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असाव्यात, असा दंडक आहे. या समितीने वर्षाचा जमाखर्च ग्रामसभेपुढे मांडावा, पट्टीचे हप्ते पिकाच्या हंगामाशी जुळवावेत आणि निराधार कुटुंबांची यादी ग्रामसभेतच निश्चित करून त्यांचा भार कसा वाटून घ्यायचा हे उघडपणे ठरवावे. सरसकट माफीने योजना बुडते आणि सरसकट सक्तीने गरिबाचा नळ बंद होतो. या दोन टोकांमधील वाट हिशेब सर्वांसमोर ठेवूनच काढता येते.