महापौर आणि आयुक्त : दोन शब्दांची कुळकथा

खोपटच्या एसटी स्थानकावरून चालत निघाले की पाचपाखाडीतले ठाणे महापालिकेचे मुख्यालय थोड्याच वेळात येते. महापौर आणि आयुक्त दोघेही त्याच इमारतीत बसतात. नळाला पाणी आले नाही किंवा गटार तुंबले, तर यांपैकी नेमका कोणाला जाब विचारायचा, हे शिकल्यासवरल्या मतदारांनाही अनेकदा सांगता येत नाही. नागरिकशास्त्रातली व्याख्या परीक्षेपुरती पाठ होते आणि पुढे विसरली जाते. या दोन पदांची नावे कशी घडली हे पाहिले, तर मात्र कारभाराची घडीही उलगडत जाते. एक शब्द गावातून वर गेला आहे, दुसरा वरून गावात उतरला आहे. शहर नीट चालायचे तर हे दोघे समोरासमोर बसलेले असावे लागतात, असे माझे म्हणणे आहे.

‘महापौर’ हा शब्द वयाने लहान आहे. मुंबई महापालिकेच्या अध्यक्षाला १९३१पासून ‘मेयर’ म्हणू लागले. या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये असून त्याचा अर्थ ‘अधिक मोठा’ एवढाच होतो. त्याच्या जागी रूढ झालेला ‘महापौर’ भाषाशुद्धीच्या चळवळीतून आला आणि त्याचे श्रेय स्वातंत्र्यवीर सावरकरांना दिले जाते. कारभाराची भाषा घडवण्याची परंपरा मराठीत जुनीच होती. शिवछत्रपतींनी करवून घेतलेल्या राज्यव्यवहारकोशात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. पण ‘महापौर’ घडवताना जी निवड झाली, ती लक्ष देण्यासारखी आहे. पती, अधिपती, अध्यक्ष असे वरच्या आसनाचे शब्द हाताशी असताना ‘पौर’ उचलला गेला. पौर म्हणजे पुरात राहणारा, नगरवासी. तेव्हा महापौर हा नगराचा धनी ठरत नाही. तो नगरवासीयांपैकीच एक, फक्त पहिल्या मानाचा.

‘आयुक्त’ या शब्दाचे कूळ फार जुने आहे. ‘युज्’ म्हणजे जोडणे, कामाला लावणे. आयुक्त म्हणजे कामावर नेमलेला. अशोकाच्या गिरनार येथील लेखात ‘युत’ नावाचे राजाधिकारी आढळतात आणि गुप्तांच्या काळात ‘आयुक्तक’ हे पद दिसते. उत्तर बंगालमधल्या दामोदरपूरच्या ताम्रपटांत या आयुक्तकाची फार बोलकी नोंद आहे. कोटिवर्ष नगरात जमिनीच्या विक्रीचा व्यवहार करताना तो एकटा बसत नाही. त्याच्याबरोबर नगरश्रेष्ठी, सार्थवाह, प्रथमकुलिक आणि प्रथमकायस्थ बसतात. म्हणजे पेढीवाला, व्यापारी तांड्यांचा म्होरक्या, कारागिरांचा पुढारी आणि लेखनिकांचा प्रमुख. ही मंडळी मतपेटीतून आलेली नव्हती, म्हणून त्याला लोकशाही म्हणता येणार नाही. तरीही वरून आलेल्या अधिकाऱ्याने नगराच्या जाणत्यांसमोर निर्णय करावा, ही रीत दीड हजार वर्षांपूर्वी लेखात कोरलेली आहे, एवढे त्यावरून नक्की दिसते.

आजची व्यवस्था मात्र मुंबईतल्या एका भांडणातून जन्माला आली. १८६५च्या कायद्याने मुंबईत सर्वाधिकारी म्युनिसिपल कमिशनर आला. आर्थर क्रॉफर्ड यांनी त्या पदावरून शहराचा कायापालट केला आणि तिजोरीही रिती केली. १८७१मध्ये करदाते खवळले. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहतांनी घेतलेली भूमिका समतोल होती. अंमलबजावणी एकाच अधिकाऱ्याकडे राहू द्यावी, पण त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या सभेचा अंकुश असावा, असे त्यांचे म्हणणे होते. १८७२ आणि १८८८च्या कायद्यांत ही दिशा दिसते. १९४९च्या प्रांतिक महापालिका कायद्यानेही कार्यकारी अधिकार आयुक्ताला दिले आणि धोरण व पैसा सभागृहाकडे ठेवला. ठाण्याची नगरपालिका १८६३ची. १ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली, तेव्हा हीच रचना ठाण्याला लागू झाली.

व्युत्पत्तीवरून पदाचे अधिकार ठरत नाहीत, असा आक्षेप यावर घेता येईल. ‘जकात’ मूळचा इस्लामी धर्मदानाचा शब्द. आपल्याकडे तो नाक्यावरच्या कराला चिकटला आणि कोणी आक्षेप घेतला नाही. ‘उमेदवार’ म्हणजे मुळात आशा धरणारा, पण आज पडण्याची खात्री असलेलाही उमेदवारच असतो. आक्षेप खरा आहे, पण तो वापरातून आपोआप वाढलेल्या शब्दांना लागू पडतो. जाणूनबुजून घडवलेल्या शब्दात घडवणाऱ्याचा हेतू असतो आणि तो पुढे मोजपट्टीसारखा वापरता येतो. ‘नगरपिता’ जाऊन ‘नगरसेवक’ आला, तेव्हा कायद्यातले अधिकार तसूभरही बदलले नाहीत. तरी बापाला विचारता न येणारा हिशेब सेवकाला विचारण्याची सोय भाषेने करून दिली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कामे तर आयुक्तच करतात, मग सभागृहाचा खटाटोप कशाला? नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आयुक्त टी. चंद्रशेखर यांनी ठाण्याचे रस्ते रुंद केले, हे उदाहरण लगेच पुढे येते. त्यांचे काम मोठे होते, यात वाद नाही. पण नेमलेला माणूस चांगला निघाला तर ते शहराचे नशीब. तसा निघाला नाही, तर त्याला बदलणे नगरवासीयांच्या हाती नसते. क्रॉफर्डचा धडा हाच होता. शिवाय सभागृहच नसलेले काळ आपल्या भागाने अनेकदा पाहिले आहेत. महापालिका झाल्यावर ठाण्यात निवडणूक व्हायला १९८६ साल उजाडले. तेव्हा सतीश प्रधान पहिले महापौर झाले. कल्याण-डोंबिवलीत १९८३मध्ये महापालिका आली आणि पहिली निवडणूक १९९५मध्ये झाली. पुढे कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२०मध्ये आणि ठाण्याची मार्च २०२२मध्ये संपली. जानेवारी २०२६मध्ये मतदान होईपर्यंत दोन्हीकडे प्रशासकच कारभार पाहत होते. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा त्या काळात एकच होता. दामोदरपूरच्या आयुक्तकासमोर निदान चार जण बसत होते.

सुरुवातीला ज्या खोपटवरून निघालो, त्या ‘खोपट’ शब्दाचा मराठीतला अर्थ झोपडी. पौर होण्यासाठी वाडा लागत नाही, पुरात राहणे पुरेसे असते. म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे. तक्रार आयुक्तांकडे जरूर करा, अंमलबजावणी त्यांच्याकडेच आहे. पण पैसा कोणत्या रस्त्यावर, कोणत्या शाळेवर, कोणत्या वस्तीच्या पाण्यावर खर्च व्हावा, याचा जाब आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला विचारा, आणि पालिकेची निवडणूक लांबली तर ती का लांबली हेही विचारा. सभागृह रिकामे राहते तेव्हा तिथली रिकामी खुर्ची पौराची, म्हणजे तुमची असते.